टायरला घातलेलं काजळ

आमच्या मोटारीला त्या भागातली माणसं ‘चाकाचं घर’ म्हणायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं. लढाईत राबलेली एक मिलिटरी लॉरी, तिच्या पाठीवर सागवानी फळ्यांची खोली बांधलेली. आत समोरासमोर दोन बाकं. झोपायच्या वेळी त्यांचेच पलंग व्हायचे. एका कोपऱ्यात स्टोव्ह आणि डब्यांची मांडणी, दुसऱ्या कोपऱ्यात औषधांचं कपाट. डॉक्टर आणि कंपाउंडर आत राहायचे, मी पुढे माझ्या सीटवर. हैदराबादच्या एका धर्मादाय संस्थेनं ती गाडी डोळ्यांच्या डॉक्टरांना फिरत्या दवाखान्यासाठी दिली होती. गावात जायचं, शाळेच्या नाहीतर मठाच्या ओसरीवर मोतीबिंदू काढायचे, पट्ट्या सुटेपर्यंत आठ-दहा दिवस तिथंच मुक्काम करायचा, मग पुढचं गाव. औराद, संतपूर, ठाणाकुशनूर. तिकडून फिरून भालकी, हुमनाबाद, दुबलगुंडी. पावसाळ्यात त्या काळ्या रानात बैलगाडीसुद्धा रुतते, तिथं आमची लॉरी कुठली चालणार? चार महिने ती बिदरला एका पत्र्याच्या शेडमध्ये उभी असायची आणि आम्ही तिच्यातच राहायचो.

म्हणजे ती मोटार माझं घरच होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे मी केलं ते या घरासाठी केलं, असं मी बरीच वर्षं स्वतःची समजूत घालत आलो.

माझं खरं गाव दापोलीच्या खाली, समुद्राकाठी. चौथीत शाळा सोडली. मास्तर बोलवायला घरी आले तेव्हा मी माडावर चढून बसलो होतो, इतकी मला शाळेची हौस. पुढे लढाईच्या दिवसांत पलटणीत ड्रायव्हर झालो. लढाई संपली तशी नोकरीही संपली. ॲक्शननंतर, म्हणजे निजामाचं राज्य गेल्यावर, एका ठेकेदाराचा ट्रक घेऊन बिदरला आलो. ठेकेदारानं तिथंच ट्रक विकला आणि तो सोलापूरला निघून गेला. मला सांगायचं बहुतेक राहून गेलं. त्याच आठवड्यात माझे दोन्ही डोळे आले होते. कुणीतरी त्या शेडकडे बोट दाखवलं. डॉक्टरांनी पापण्या उलट्या करून पाहिल्या, औषध घातलं आणि विचारलं, “काम काय करता मियाँ?”

“गाडी चालवतो. पण गाडी नाय.”

“माझ्याकडे गाडी आहे, चालवणारा नाही,” ते म्हणाले. “डोळे निवळले की या.”

कागद मागितले नाहीत, कुणाची चिठ्ठी मागितली नाही. त्या दिवसांत बिदरला परका माणूस दिसला की लोक दोनदा वळून बघायचे; कुठला, कोणाचा, इकडे कशाला आला, हे विचारल्याशिवाय पाणीसुद्धा देत नव्हते. डॉक्टरांनी माझं गावही पंधरा दिवसांनी विचारलं, तेही जेवताना, मासे नसल्यामुळे माझे हाल होत असतील म्हणून.

डॉक्टर हैदराबादचे मराठी, पन्नाशीच्या पुढचे, उर्दूत शिकलेले. सगळ्यांना मियाँ म्हणायचे. एकदा मठाच्या स्वामींनाही म्हणून गेले होते. त्यांचा हात मात्र वेगळा होता. जेवताना, बोलताना तो साधा हात. पण ओसरीवर घोंगडीवर निजलेल्या म्हाताऱ्याच्या डोळ्याजवळ गेला की तो जणू श्वाससुद्धा घेत नसे. उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं, एवढ्यावर सगळं चालायचं. मी टॉर्च धरून बाजूला तो हात बघत उभा असायचो.

त्यांनी मला वही घालून दिली. गाडीची वही. रोज संध्याकाळी तीत पाच ओळी लिहायच्या: किती मैल झाले, पाणी, इंजिनचं तेल, टायर, आणखी काही. पहिल्या महिन्यात मी ‘पाणी’ तीन तऱ्हांनी लिहिलं. ते लाल पेन्सिलीनं गोल काढायचे, शेजारी बरोबर शब्द लिहायचे, आणि मी तो दहादा गिरवायचा. “गाडी तुम्हाला येते,” ते म्हणायचे, “पण गाडीचं काय झालं ते सांगता आलं पाहिजे.” हे मी आज लिहितो आहे ते त्या वहीच्या जिवावर.

कंपाउंडर दुबलगुंडीचा. घरी कानडी, बाहेर मराठी, डॉक्टरांशी दख्खनी, अशा तिन्ही भाषांत भांडू शकणारा माणूस. लिंगायत, गळ्यात लिंग, सकाळची पूजा झाल्याशिवाय पाणी न पिणारा. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला अप्पा म्हणायचो. तो मला कोकण्या म्हणायचा. स्वयंपाक त्याच्याकडे होता आणि मासे हा शब्द मोटारीत काढायचा नाही, ही त्याची अट होती.

आता टायरचं.

पलटणीच्या वर्कशॉपात एक हवालदार होता. त्यानं मला शिकवलं होतं की टायर नुसता झिजूनच मरत नाही, उभा राहूनही मरतो. नक्षी बोटभर खोल दिसेल, पण तिच्यावर जाऊ नकोस. बाजूला बघ, लोखंडी रिंगेच्या वर, टाचेला पडतात तशा बारीक भेगा पडल्यात का. अंगठ्यानं दाब. भेगेत नख शिरलं तर टायर बदल, आतला दोरा दिसायची वाट बघू नकोस. आणि रबराला तेल लावू नकोस. रबर तेल पितं, फुगतं आणि कुजतं. हे सगळं मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं मला कुठेही लिहिता येणार नाही.

आमची गाडी चालायची किती? या गावाहून त्या गावाला आठ-दहा मैल, मग दहा दिवस उभी. उन्हात उभी, नाहीतर शेडमध्ये चार महिने ओल्या जमिनीवर उभी. टायर लढाईच्या वेळचेच. नक्षी अशी की नव्या टायरनं बघत राहावं. म्हणून कुणाला शंका यायची नाही. गाडीवान लोक थांबून हात लावायचे आणि म्हणायचे, अजून दहा वर्षं मरण न्हाई ह्याला.

पहिल्याच वर्षी खंडेनवमीला गाडीची पूजा निघाली. त्या दिवशी तिकडे सगळ्या हत्यारांना, अवजारांना, गाड्यांना मान असतो. डॉक्टरांच्या पेटीतल्या सुऱ्या-चिमट्यांना सुद्धा अप्पानं हळद-कुंकू लावलं होतं, आणि मग डॉक्टरांनी शिव्या देत ते सगळं पुन्हा उकळून घेतलं होतं. गाडी धुऊन झाली तसा अप्पा एका वाटीत करडीचं तेल आणि दिव्याची काजळी कालवून घेऊन आला.

“हे काय?” मी विचारलं.

“चाकाला. आमच्याकडं गाडीच्या चाकाला तेल-काजळी लावल्याबिगर नारळ फोडत न्हाईत.”

“ती लाकडाची चाकं, अप्पा. हे रबर आहे. रबराला तेल चालत नाय.”

“कामून चालत न्हाई? चाक ते चाक. तुझ्या कोकणात चाक हाय तरी का? तिकडं समद्या होड्या.”

गाडीभोवती बरेच लोक जमले होते, ते हसले. मी परका माणूस, पोट त्यांच्या गावात. सणाच्या दिवशी वाद कुठे घाला, म्हणून गप्प बसलो. अप्पानं सातही टायरना, स्टेपनीसकट, तेल-काजळी चोळली. प्रत्येक चाकाखाली लिंबू ठेवलं, मी गाडी हातभर पुढे घेतली, लिंबं फुटली. उन्हात टायर असे चमकले की मलाही बरं वाटलं. बाजूच्या केसाएवढ्या दोन-तीन भेगा होत्या, त्याही दिसेनाशा झाल्या. हे मी पाहिलं आणि लक्षात ठेवलं. कशाला लक्षात ठेवलं, ते तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं.

असा दर वर्षी तेलाचा हात फिरत गेला. चौथ्या वर्षी, पावसाळा सरताना, मी गाडी शेडमधून बाहेर काढली आणि चाकांपाशी बसलो. धुळीनं तेल कधीच खाऊन टाकलं होतं. पुढच्या डाव्या टायरला रिंगेच्या वर वीतभर भेगांची जाळी झाली होती. अंगठा दाबला तर तोंडं उघडायची. नख शिरलं. उजव्यालाही होत्या, पण कमी. मागच्या चारांत दोन वाईट. मी उठलो, हात धुतले, चहा घेतला, परत जाऊन बसलो. परत नख शिरलं.

त्याच आठवड्यात संस्थेचं पत्र आलं. इंग्रजीत होतं. डॉक्टरांनी बाकावर बसून आम्हाला मराठीत सांगितलं. हंगाम सुरू व्हायच्या आत गाडीची हालत, विशेष करून टायरची, कळवावी. टायर लगेच बदलण्यासारखे नसतील तर ठीक. सगळेच बदलायचे झाले तर एवढ्या जुन्या गाडीवर तसा खर्च करावा का, याचा विचार संस्था करील. नाहीतर गाडी मोडीत काढावी आणि डॉक्टरांनी हैदराबादच्या दवाखान्यात रुजू व्हावं.

“मोडीत म्हंजे?” अप्पानं विचारलं.

“म्हणजे तू दुबलगुंडीला, मी हैदराबादला,” डॉक्टर म्हणाले.

“आन हा कोकण्या?”

डॉक्टर माझ्याकडे बघून हसले. “हा माडावर.”

मीही हसलो. अप्पाला गावी शेत होतं, भाऊ होते. डॉक्टरांना खुर्ची मिळणार होती, जरी ती त्यांना नको होती. मला गावाकडे कुणी नव्हतं. आई गेल्याचं पत्र आदल्या वर्षी आलं होतं, तेही तेराव्यानंतर. त्या लॉरीच्या सीटखाली माझी एक ट्रंक होती, त्या सीटवर माझं अंथरूण होतं, त्या वहीत माझं अक्षर होतं. दुसरीकडे कुठे मी कुणी नव्हतो.

“टायर कसे आहेत?” डॉक्टरांनी विचारलं.

“बघून सांगतो,” मी म्हणालो. बघून झालं होतं.

खरं सांगायला वेळ होता. आठवडाभर होता. एक मधली वाटही होती: पुढचे दोनच टायर मागा, मागचे चालवून घेऊ. दोन टायरना त्यांनी ना म्हटलं नसतं कदाचित. पण मला वाटलं, दोन मागितले की माणूस बघायला येणार, बघितलं की सहाही मोजणार. भीती अशी असते की ती आधीच सगळा हिशेब करून ठेवते आणि आपल्याला नुसतं उत्तर सांगते. शिवाय भेगा पडेपर्यंत तुम्ही काय करत होतात, उन्हात गाडी का ठेवली, तेल का लावू दिलं, असं डॉक्टर विचारतील याचीही भीती. ते रागावले असते असं नाही. ते नुसते बघत राहिले असते.

खंडेनवमीच्या सकाळी अप्पा वाटी घेऊन आला तेव्हा मी ती त्याच्या हातातून घेतली.

“आज मी लावतो,” मी म्हणालो.

“आत्ता शहाणा झालास,” अप्पा म्हणाला आणि नारळ सोलायला गेला.

मी काजळी जास्त घेतली. तेल कमी, काजळी जास्त, लापशीसारखी घट्ट. जुन्या बनियनच्या चिंधीनं पुढच्या डाव्या टायरच्या एकेका भेगेत ती भरत गेलो. बाई चौकटीला कुंकू लावते तितक्या निगुतीनं. भरून झाल्यावर वरून कोरडा हात फिरवला. दूर जाऊन बघितलं. नवा टायर.

तासाभरानं डॉक्टर खाली उतरले. धोतर, वर पांढरा सदरा, चष्मा कपाळावर. सगळ्या चाकांपुढून फिरले. पुढच्या डाव्या चाकापाशी वाकले आणि टायरच्या बाजूवरून उजव्या हाताचं बोट फिरवलं. बोट काळं झालं. ते त्याच्याकडे बघत राहिले.

त्यांना काजळाचा फार राग होता, हे इथं सांगायला हवं. गावोगावी बाया पोरांच्या डोळ्यांत काजळ भरून आणायच्या आणि ते ओरडायचे, आधी ते पुसा, आत काय झालंय ते मला दिसू द्या.

“काय मियाँ,” ते म्हणाले, “टायरला काजळ घातलंय?”

जमलेले लोक हसले. अप्पा सगळ्यात जास्त. मीही हसलो.

“सणाचं आहे, डॉक्टरसाहेब.”

त्यांनी रुमालाला बोट पुसलं. मग हसू जरा आवरून विचारलं, “अजून एक हंगाम निघेल?”

“निघेल.”

“नक्की?”

“नक्षी बघा ना,” मी म्हणालो.

हे ‘नक्षी बघा’ मला अजून ऐकू येतं. नक्षी बघू नकोस, हेच तर मला शिकवलेलं होतं.

त्या संध्याकाळी वहीत मी लिहिलं: टायर ठीक. डॉक्टरांनी ओळ वाचली, लाल पेन्सिल कुठंही टेकवली नाही, खाली सही केली. तीच हकीकत संस्थेला गेली आणि गाडीला एक हंगाम मिळाला.

थंडीचे महिने चांगले गेले. गार रस्त्यावर वाईट टायरही सोसतो. मीही हळूहळू विसरत गेलो, म्हणजे रोज संध्याकाळी ‘टायर ठीक’ लिहून लिहून ते ठीक झाले. पुढचा टायर मागे आणि मागचा बरा पुढे, एवढं तरी करायला हवं होतं. ते माझ्या एकट्याच्या हातात होतं, एका सकाळचं काम. पण चाक उतरवलं की अप्पा मदतीला येणार, वळवताना भेगा उघडणार. केलं नाही.

चैत्रात ठाणाकुशनूरचा मुक्काम संपला. शेवटच्या पट्ट्या सोडून आम्ही संतपूरला निघालो. तिथं अकरा जण डॉक्टरांची वाट बघत होते. दुपार होती. रस्ता म्हणजे मुरूम आणि खडी, तव्यासारखी तापलेली. डॉक्टर माझ्या डावीकडे बसले होते, अप्पा मागे भांड्यांत. डॉक्टर सांगत होते की संतपूरच्या त्या अकरांत एक म्हातारी आहे, तिनं मागच्या वर्षी भीतीनं ऐनवेळी पळ काढला होता, आणि यंदा तिनं स्वतः निरोप पाठवलाय.

“पळाली कशी? दिसत तर नव्हतं,” मी म्हणालो.

“वास घेत घेत,” डॉक्टर म्हणाले. “स्पिरिटच्या उलट्या दिशेनं.”

आम्ही हसत असतानाच चाक फुटलं. बंदुकीसारखा आवाज म्हणतात, तसा नव्हता. मोठ्या ताडपत्रीचं कापड फाटावं तसा होता. पुढचं डावं. स्टिअरिंग माझ्या हातातून डावीकडे ओढलं गेलं, मी उजवीकडे लावून धरलं, तरी गाडी रस्त्याखाली उतरली, चरात गेली आणि बाभळीच्या बुंध्याला टेकून थांबली. वेग फार नव्हता. मला काही झालं नाही. मागे अप्पाच्या अंगावर पिठाचा डबा सांडला होता. तो पांढराफटक होऊन बाहेर आला आणि आधी कानडीत देवाचं नाव घेतलं, मग मराठीत माझं.

डॉक्टर सीटवरच बसले होते. आपटू नये म्हणून त्यांनी उजवा हात पुढे दाबून धरला होता. मनगट भलत्याच कोनात वळलं होतं. ते त्याच्याकडे असे बघत होते जसं दुसऱ्या कुणाचं आहे.

“अप्पा,” ते म्हणाले, “फळी आण. लहान आण. मी माणूस आहे, बैल नाही.”

अप्पानं मांडणीची फळी मोडली. पट्ट्यांना काही तोटा नव्हता. मोतीबिंदूच्या पट्ट्या त्या मनगटावर गुंडाळल्या. कसं बांधायचं, कुठं सैल ठेवायचं, ते डॉक्टरच सांगत होते. कपाळावर घाम, आवाज नेहमीचा. मला म्हणाले, “मियाँ, तुमचं डोकं ठीक?” मी मान हलवली.

अप्पा बैलगाडी बघायला निघाला, तेवढ्यात फुटलेल्या चाकापाशी थांबला. टायर बाजूनं रिंगेच्या वर वीतभर फाटला होता. फाटलेल्या कडेला बाहेरून आतल्या दोऱ्यापर्यंत काळी काजळी उतरलेली होती, आणि त्याच्या पुढचं ताजं फाटलेलं रबर करडं. म्हणजे भेग आधी किती होती आणि आत्ता किती फाटली, हे शाईनं रेघ मारावी तसं दिसत होतं. अप्पानं बोट लावलं. माझ्याकडे बघितलं.

“आतपस्तोर भरलीस की रे,” तो हळू म्हणाला.

आणखी काही बोलला नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. पण त्या दिवसापासून त्यानं मला कोकण्या म्हणणं सोडलं. ड्रायव्हर म्हणू लागला. डॉक्टरांसमोर, लोकांसमोर, दोघंच असताना, सारखाच ड्रायव्हर.

बैलगाडीतून आम्ही डॉक्टरांना घेऊन संतपूरला पोचलो. शाळेच्या ओसरीवर ती अकरा माणसं न्हाऊन, स्वच्छ धोतरं-लुगडी नेसून, भिंतीला ओळीनं बसली होती. पापण्यांचे केस कापून तयार. डॉक्टरांनी उभ्यानंच सांगितलं की हात मोडलाय, परत जा. लोक उठेनात. दिसत नसल्यामुळे त्यांना ते खरं वाटत नव्हतं. ती पळालेली म्हातारी मात्र चाचपडत पुढे आली. तिनं डॉक्टरांचा बांधलेला हात शोधून काढला आणि त्यावरून बोटं फिरवली, फळीवरून, पट्टीवरून, सुजलेल्या बोटांवरून.

“लई दुखायलंय का?” तिनं विचारलं. “बरा होऊ द्या. मी बसते की. इतकी वर्सं बसले, अजून बसते. अवंदा पळायची न्हाई.”

मी ओसरीच्या खांबाला टेकून उभा होतो. तिच्यापासून चार हातांवर. मी बोललो असतो तर सगळ्यांनी ऐकलं असतं. नाही बोललो.

मनगट बिदरच्या दवाखान्यात बसवलं. हाड जुळलं. अंगठा जुळला नाही. जेवता यायचं, सही यायची, सदऱ्याची गुंडी कधी लागायची तर कधी लागायची नाही. गाडी स्टेपनी चढवून बिदरच्या शेडमध्ये आणली होती; डॉक्टर रोज सकाळी तिच्या बाकावर बसून तांदळाचे दाणे चिमट्यानं एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकायचे. मी काचेवरची धूळ पुसायच्या मिषानं बाहेरून बघायचो. चौथा-पाचवा दाणा पडायचाच. पावसाळा येईपर्यंत त्यांनी तांदळाची वाटी अप्पाला परत दिली आणि म्हणाले, “भात कर.”

संस्थेचा माणूस चौकशीला आला. नीटनेटका, सभ्य माणूस. वही बघितली. “टायर ठीक आहेत हे कुणी ठरवलं?”

मी पुढे झालो. पुढे झालो, हे खरं आहे. तोंड उघडलं हेही खरं. पण डॉक्टर आधी बोलले. “मी. मी स्वतः बघितले, बोट लावून बघितले. खाली सही माझी आहे. मी सांगेन ते ड्रायव्हर लिहितो, ठरवतो मी.”

त्या माणसानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दोन ओळी लिहिल्या. माझं उघडलेलं तोंड मी बंद केलं, आणि त्या क्षणी आत काहीतरी हलकं झालं. त्या हलकेपणाची मला जास्त लाज वाटते, खोटं लिहिल्यापेक्षाही.

चाकाचं घर मोडीत गेलं. अप्पा दुबलगुंडीला गेला. डॉक्टरांना बिदरलाच चष्म्याचे नंबर काढायचं काम दिलं, आणि त्यांनी अट घातली की जीप चालवायला मीच पाहिजे. म्हणजे ज्या नोकरीसाठी मी काजळी भरली ती नोकरी मला राहिली. त्यांच्यामुळेच राहिली. सकाळी मी त्यांच्या सदऱ्याची वरची गुंडी लावून द्यायचो. त्यांनी कधी सांगितलं नव्हतं, मीच लावायचो.

हैदराबाद राज्याचे तुकडे झाले तेव्हा बिदर म्हैसूरकडे गेलं आणि डॉक्टर हैदराबादला निघाले. मी त्यांना स्टेशनवर सोडायला गेलो. गाडीला उशीर होता. ते होल्डॉलचा पट्टा ओढून बकलात घालत होते, अंगठा निसटत होता. मी खाली बसून पट्टा लावला. खाली बसलेलो होतो म्हणून बोलता आलं बहुतेक. वर बघून आलं नसतं.

“डॉक्टरसाहेब, त्या खंडेनवमीला मी भेगांत काजळी भरली होती. मुद्दाम. तुम्हाला दिसू नये म्हणून.”

त्यांनी उजव्या हाताचं बोट चष्म्यापुढे धरलं.

“बोट काळं झालं होतं माझं,” मग म्हणाले. “धुतलं तर नखात राहिली काजळी. दोन दिवस राहिली. चाळीस वर्षं हात धुतोय मी, मियाँ. बोटाला काय लागलंय ते मला कळत नाही?”

“मग तुम्ही बोलला का नाहीत?”

“मला ठाणाकुशनूरला जायचं होतं. हैदराबादला नव्हतं जायचं.” ते रुळांकडे बघत होते. “म्हणून तुला विचारलं. नक्की का, म्हणून दोनदा विचारलं. तू नाही म्हणाला असतास तर गेलो नसतो.”

त्यांनी मला तू म्हटलं ते त्या एका दिवशीच.

“आणि वहीत?” त्यांनी विचारलं.

“टायर ठीक, असं लिहिलं.”

“हां. ठीक हा शब्द बरोबर लिहिला होतास. म्हणून पुढं गेलो.” ते जरा हसले. मला हसता आलं नाही. “आता जे होतं ते लिही कधीतरी. लाल पेन्सिल मारायला मी नसेन, तेव्हा नीट लिही.”

गाडी आली. मी सामान चढवलं. त्यांनी खिडकीतून डावा हात बाहेर काढला, मी तो धरला. त्यांनी मला माफ केलं की नाही, ते मला कळलं नाही. त्यांनी अर्धं ओझं उचललं असं मला त्या वेळी वाटलं होतं. फलाटावरून बाहेर येईपर्यंत तेही राहिलं नाही. ते दोनदा विचारत होते. नख माझं शिरलं होतं, त्यांचं नाही. आणि संतपूरची ती म्हातारी पुढे कुणाकडून डोळा करून घेऊ शकली की तशीच बसून राहिली, हे मी आजवर कुणाला विचारलेलं नाही. विचारायला संतपूर काही लांब नव्हतं.

पुढे मी इकडेच राहिलो, माझी स्वतःची लॉरी झाली. टायर मी वर्षं बघून बदलतो, नक्षी बघून नाही. नव्यासारखे दिसणारे टायर मी काढून टाकतो आणि स्टँडवरचे ड्रायव्हर मला वेडा म्हणतात. खंडेनवमीला मी चाकं साध्या पाण्यानं धुतो, उन्हात वाळू देतो, अंगठ्यानं दाबून एकेक बघतो. मग लिंबं ठेवतो. त्या संध्याकाळी वहीत लिहितो. गेल्या वर्षीचं असं आहे: पुढचा डावा, रिंगेच्या वर तीन भेगा, नख जात नाही. पुढचा उजवा, एक. मागचा आतला, नख जातं, उद्या काढणे.